मामाजी, ते कंस मीच काढले होते

मामाजी,

काल तुमची तेरवी झाली. आज सकाळी मांडववाला खुर्च्या उचलून घेऊन गेला, पाहुणे आपापल्या गाड्यांना लागले आणि आत्याबाई दोन आठवड्यांत पहिल्यांदा दुपारच्या आडव्या झाल्या. तुमच्या टेबलाशी बसायची माझी हिंमत होत नव्हती, पण बसले आहे. तुमची पेन्सिल अजून वहीत खोचलेली आहे. टोक तुम्ही ब्लेडनंच काढायचात, शार्पनर म्हणजे पोरांचं काम.

लोक काल तुमच्याबद्दल खूप चांगलं बोलले. नांदगाव पेठच्या कापड कारखान्यातले तुमचे सोबती आले होते. एवढ्या वर्षांत तुमच्या हातून एक मोटर जळली नाही, असं ते प्रत्येकाला धरून सांगत होते. पण सदुसष्टाव्या वर्षी तुम्ही स्वतःच्या सुनेचे विद्यार्थी झालात आणि दोन वर्षं रोज दुपारी दोनला वही घेऊन हजर राहिलात, हे त्यांच्यापैकी कुणालाच ठाऊक नव्हतं. आणि त्याच सुनेनं आपली एक मोठी चूक तुमच्या नावावर खपू दिली, जवळजवळ वर्षभर तोंड उघडलं नाही, हेही कुणाला ठाऊक नव्हतं. ते तुमच्यासमोर कबूल करायचं राहून गेलं. उशीर झाला आहे, हे मला कुणी सांगायला नको.

आधी चांगलं आठवू द्या. मग त्या पाडव्याकडे येते.

मी लग्न होऊन अकोल्याहून तुमच्या घरी आले, सासऱ्यांना मामाजी आणि सासूबाईंना आत्याबाई म्हणू लागले, तेव्हा तुम्हाला वाटायचं, ही पोरगी दिवसभर घरात बसून नुसती खुटखुट करते आणि कंपनी हिला पगार कसला देते? एक दिवस चहाचा कप घेऊन माझ्या खुर्चीमागे येऊन उभे राहिलात.

"काय लिहून राहिली वं एवढं?"

"मशीनच्या आतला प्रोग्राम आहे, मामाजी. मशीननं कधी चालू व्हायचं, कधी बंद, ते सगळं."

तुम्ही कप अर्धा संपवलात आणि म्हणालात, "म्हंजे माहंच काम. म्या जलमभर ते तारेनं केलं. तू अक्षरानं करून राहिली."

माझ्या कामाचं इतकं सोपं वर्णन माझ्या साहेबांनाही कधी जमलं नाही. दुसऱ्या दिवशी तुम्ही राजापेठेतून शंभर पानी वही आणलीत आणि "मले शिकव" म्हणून समोर बसलात. मला हसू आलं, तुम्हाला नाही आलं. तेव्हा मीही हसणं आवरलं.

सी ही भाषा तुम्हाला अवघड गेली नाही. जर अमुक झालं तर तमुक कर, हे तुमच्या डोक्यात तारांच्या रूपानं आधीपासून होतंच. अडचण होती ती इंग्रजी शब्दांची. एका बोटानं एकेक अक्षर शोधायचं, आणि ते "इफ" की "ऑफ" हे परत वहीत बघायचं. शेवटी कंटाळून म्हणालात, "हे माह्या जिभेवर बसत नाई. यायले आपल्या भाषेत काई नाव नाई का?"

आणि मी, शहाणी, तुम्हाला मॅक्रो शिकवला.

मी सांगितलं की सी भाषेत एक सोय आहे. वर एका ओळीत लिहून ठेवायचं, की या शब्दाच्या जागी तो मजकूर घे. मग प्रोग्राम चालण्याजोगा होण्याआधी प्रीप्रोसेसर नावाचा एक जण सगळा कागद वरून खाली फिरतो आणि जिथे जिथे तो शब्द दिसेल तिथे तिथे तो मजकूर चिकटवत जातो. वारंवार लागणाऱ्या आकड्यांना नावं द्यावीत, एवढ्यासाठी मी ते सांगितलं होतं. तुम्ही ते पेन्सिलीनं वहीत उतरवलंत. मग विचारलंत, "म्हंजे म्या त्याले सांगतलं, का 'नाईतं' दिसलं की 'एल्स' समज, तं तो आयकन?"

"ऐकेल, पण तसं कुणी करत नाही, मामाजी."

"कोनी करत नाई, हे तू मले सांगू नोको. तो आयकन का नाई, एवढं सांग."

चार दिवसांत तुमची सी वऱ्हाडी बोलायला लागली. अक्षरं इंग्रजी, शब्द सगळे आपले. जर, नाईतं, जोपर्यंतच्या जागी जवरीक. मोटर बंद करायला "उगी राह्य". एखादं काम संपवून परत यायचं तिथे "घरी जा". आणि महिरपी कंस मिटवायचा तिथे "आटोपलं". मी डोक्याला हात लावला. तुमचा प्रोग्राम मोठ्यानं वाचला की कुणीतरी ओट्यावर बसून गड्याला कामं सांगतोय असं वाटायचं. पण चालायचा तो. मोटरीच्या जागी तुम्ही टेबलावर साठ वॅटचा बल्ब लावला होता. तो लागला की आत्याबाईंना हाक मारून दाखवायचात.

"दिवसा दिवे लावून बसले," त्या म्हणायच्या आणि तरी येऊन बघून जायच्या.

मॅक्रोचा पहिला फटका तुम्हाला पाण्याच्या पाळीत बसला. बाळापूरजवळ पुरुभाऊंची, म्हणजे तुमच्या भाच्याची, फुलांची बाग. दहावीनंतर दोन वर्षं ते याच घरात राहून आयटीआय शिकले, तुम्हीच त्यांना पहिला टेस्टर हातात दिला. त्यांच्या ठिबकासाठी तुम्ही एक डबा बनवत होतात: वीज आली की मोटर आपोआप लागेल, पाळी संपली की बंद होईल. एक पाळी पंचवीस मिनिटांची. पण तुम्ही पंचवीस लिहायला तयार नव्हतात. पाळी म्हणजे वीस अधिक पाच, असाच मॅक्रो लिहिलात.

"झाडाले वीस अन् पाइप भराले पाच. उद्या पाइप लांबला तं पाचचे सात होतीन. कोनचा आकडा कायचा, हे मले दिसलं पाह्यजे."

हे मात्र तुमचं बरोबर होतं. नोकरीला लागलेल्या पोरांना मी हेच शिकवते आणि त्यांना ते शिकायला वर्ष लागतं.

बल्ब पंचवीस मिनिटं लागायला हवा होता. तो पाच मिनिटं वीस सेकंदांत विझला. तुम्ही वायरमन, तुमचा पहिला संशय तारेवर. तुम्ही तार बदललीत, होल्डर बदललात, रिले बदललात, मग वीज मंडळाला नावं ठेवलीत. हे सगळं तीन दिवस, मला न सांगता. चौथ्या दिवशी घड्याळ काढून माझ्यासमोर ठेवलंत. "तुह्या सीनं मले फसवलं."

मी कागद घेतला. मिनिटांचे सेकंद करायला तुम्ही पाळीला साठनं गुणत होतात. प्रीप्रोसेसरनं पाळीच्या जागी तुमचा मजकूर होता तसा चिकटवला: वीस अधिक पाच गुणिले साठ. गुणाकार आधी होतो. पाच साठे तीनशे, त्यात वीस. तीनशे वीस सेकंद.

"पन मले तं पंचवीस गुणिले साठ पाह्यजे होते! त्याले समजू नये?"

"त्याला काही समजत नाही, मामाजी. तो फक्त चिकटवतो. तुम्ही वीस अधिक पाचला कंस घाला, म्हणजे तो कंसासकट चिकटवेल."

तुम्ही कागदाकडे बघत राहिलात आणि मग तुमचा चेहरा उजळला. "म्हंजे हा गावचा कोतवाल आहे! पाटलानं जे सांगतलं ते तसंच्या तसं दवंडीत बोंबलून येते. सोताचं डोकं लावत नाई. मंग शब्द पाटलानंच पाहून द्याव लागते."

ही उपमा मी तेव्हापासून तीन ठिकाणी वापरली आहे, तुमचं नाव न घेता. माफ करा.

त्यानंतर तुम्ही कंसांच्या मागे असे लागलात की विचारू नका. जिथे गरज तिथे कंस, जिथे नाही तिथेही कंस, आणि मॅक्रो असला तर दोन-दोन. किराण्याच्या यादीतही तुम्ही साखर अधिक गूळ असं कंसात लिहून बाहेर गुणिले दोन किलो लिहिलं होतं. आत्याबाईंनी यादी नाकाजवळ धरून विचारलं, "हे काय कुंपनं घालून राहिले यादीले?" तुम्ही गंभीरपणे म्हणालात, "नाईतं तो गुळाचेच दोन किलो देईन अन् साखर एकच." आम्ही तिघं हसून हसून बेजार झालो. तुम्ही थट्टा केली नव्हती, हे मला नंतर कळलं.

डबा घेऊन तुम्ही एसटीनं अकोल्याला आणि तिथून बाळापूरला गेलात. टॉवेलात गुंडाळलेला डबा सगळा वेळ मांडीवर होता, असं तुमच्यासोबत गेलेल्या तुमच्या मुलानं, यांनी, मला सांगितलं. बसवायच्या आधी टेबलाशी बसून तुम्ही दोन पूर्ण पाळ्या घड्याळ लावून पाहिल्या होत्या, उठला नाहीत, पाणीसुद्धा तिथेच मागवलंत. "मशीनवर भरोसा ठेवाचा, पन पाहून," हा तुमचा कायदा. पुरुभाऊ येणाऱ्याजाणाऱ्याला डबा उघडून दाखवायचे: मामानं बनवला. त्या दसऱ्याला त्यांनी कंडक्टरजवळ नेहमीसारखं झेंडूचं पोतं पाठवलं, फक्त या वेळी एकाऐवजी दोन आली.

आता आपलं भांडण. ते अर्धवटच राहिलं.

"हे कुणाला वाचता येणार, मामाजी?" मी विचारायची.

"मले येते. पुरूले वाचून दाखवलं, त्यालेबी समजलं. अजून कोनाले वाचाचं आहे?"

"आमच्या ऑफिसात असं कुणी लिहिलं तर हाकलून देतील."

"तुह्या सायबाले पाणी द्याचं आहे का पुरूच्या झेंडूले?"

"अन् उद्या तुम्ही नसले तं?"

हे मी बोलून गेले. तोंडातून शब्द गेला की गेला. तुम्ही रागावला नाहीत. "तू आहे ना," एवढंच म्हणालात आणि वही उघडलीत.

माझं म्हणणं मी आजही सगळं सोडलेलं नाही. भाषेलाच असे कपडे चढवले की दुसऱ्या माणसाला ती ओळखू येत नाही, आणि हाताखालच्या कुणी मला असं लिहून दिलं तर मी उद्याही परत पाठवीन. पण जो पाणी देतो त्याला ते वाचता आलं पाहिजे, हे तुमचं म्हणणंही मला खोडता आलं नाही. तुम्ही असता तर अजून दोन वर्षं आरामात भांडलो असतो.

मागच्या वर्षी, थंडी सरता सरता, तुमचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं. डोळ्यांवर हिरवं कापड, स्क्रीन महिनाभर बंद. नेमका तेव्हाच पुरुभाऊंचा फोन आला, झेंडू आणि शेवंतीला पाणी वेगवेगळ्या वेळी द्यायचं आहे, डब्यात दोन पाळ्या करून द्या. तुम्ही पडल्या पडल्या मला सांगितलंत, "तेवढंच बदल. बाकीले हात नोको लावू."

मी हात लावला, मामाजी.

दुपारभर बसून मी तुमचे सगळे शब्द काढले. जर, नाईतं, उगी राह्य, आटोपलं. शोधा आणि बदला, शोधा आणि बदला. दुसऱ्याचं कपाट त्याला न विचारता आवरावं तसं. मनात म्हणत होते, बरं होतं आहे, एकदाचं नीट होतं आहे. पाळीच्या जागी मी तुमचे वीस अधिक पाच आणून ठेवले, कारण तेवढं तुमचं मला पटलं होतं. पण तुमच्या दुहेरी कंसांचा मला वैताग आला होता. ते मी दिसतील तसे उडवत गेले. आणि त्यात जे हवे होते तेही उडवले. जो धडा मी तुम्हाला शिकवला होता तोच मी विसरले. कोतवालाचं काम मीच स्वतःच्या हातानं केलं, आणि कोतवालाइतकंच डोकं लावलं.

तुम्ही असता तर बल्ब लावून दोन्ही पाळ्या बसून पाहिल्या असत्या, पन्नास मिनिटं. मी दोन्ही बल्ब लागतात एवढं पाहिलं आणि स्विच बंद केला. मला एक मीटिंग होती. पुरुभाऊ रविवारी तुमची तब्येत पाहायला आले तेव्हा मी प्रोग्राम भरलेला, डब्यात बसवायचा नवा बोर्ड त्यांच्या हातात दिला. ते म्हणाले, "मामाचंच आहे ना? मंग मले पाहाचं काम नाई." मी हसून मान हलवली.

गुढीपाडव्याला आठ दिवस होते. पुरुभाऊ भर उन्हात आले, पायातली चप्पल न काढता बैठकीत आले आणि हातातली पिशवी फरशीवर उलटी केली. झेंडूच्या कळ्या. वाळून बोरांएवढ्या झालेल्या.

"वरून माती ओली दिसे, मामा. बोट घातलं तं खाली ठणठणीत कोरडं. पाइप भरला का मोटर बंद, पाइप भरला का मोटर बंद! म्या हरभऱ्याच्या मागं होतो, तुमच्या डब्याच्या भरोशावर. पाडव्याची सारी बाग गेली माही."

तुम्ही काळा चष्मा लावून खुर्चीत बसला होतात. खाली वाकून चाचपडत एक कळी उचललीत, बोटांत चोळून पाहिलीत.

"माह्याकडून राह्यलं असंन बापा कायतरी."

"डोळ्यानं दिसत नाई तं कायले करता हे धंदे? म्हातारपनी खेळनं पाह्यजे तं सोताच्या घरी खेळा नं. माह्या वावरात कायले?"

आत्याबाईंनी ताट वाढलं होतं. पुरुभाऊ पाण्याला न शिवता निघून गेले. या घरात वाढलेला माणूस या घरातून उपाशी गेला, असं पहिल्यांदाच झालं.

तोपर्यंत मला खरंच माहीत नव्हतं. एवढं माझ्या बाजूनं लिहून ठेवते. पण अर्ध्या तासात माहीत झालं. खोलीत जाऊन मी प्रोग्राम उघडला आणि ती ओळ समोर आली: वीस अधिक पाच गुणिले साठ. कंस नव्हते. पुरुभाऊ अजून स्टँडवर असतील, राजापेठेतून स्कूटीवर दहा मिनिटं. किल्ली समोर खिळ्याला टांगलेली होती. मी तिच्याकडे बघत बसले आणि उठले नाही.

का नाही उठले? सरळ सांगते. भ्याले. या घरात हे काम येणारी मी. माझ्या हुशारीचं कौतुक तुम्ही चारचौघांत करायचात, ते मला फार गोड लागायचं. तुमची चूक झाली तर लोक म्हणणार, म्हातारा माणूस आहे. माझी झाली तर काय म्हणतील? शिवाय तुम्ही दोष घेऊन मोकळे झाला होतात. मला फक्त गप्प बसायचं होतं, आणि गप्प बसायला काही करावं लागत नाही.

पाडवा झाला की सांगीन, असं ठरवलं. मग अक्षय्य तृतीयेची अखजी झाली, मग पोळा. प्रत्येक सणाला मी मनाशी तारीख देत गेले.

पुरुभाऊंनी डबा काढून टाकला आणि येणं बंद केलं. तुमचा फोन उचलायचे, "हो मामा, बरं मामा" म्हणायचे, ठेवायचे. तुम्ही दोनचा तास बंद केलात. डोळे थकतात म्हणालात. मी आग्रह केला नाही, कारण तुमच्या शेजारी बसून ती वही उघडायची मलाच लाज वाटत होती. बाकी माझ्याशी तुम्ही जसे होतात तसेच राहिलात. माझा चहा गार झाला की अजूनही ओरडायचात, मीटिंग चालू असताना खिडकीतून वाकुल्या दाखवायचात.

दसऱ्याला सकाळी तुम्ही दोनदा एसटी स्टँडवर जाऊन आलात. दोन्ही वेळा रिकाम्या हातानं. मग राजापेठेतून झेंडू विकत आणलात आणि दाराला तोरण बांधायला स्टुलावर चढलात. आत्याबाईंनी विचारलं तेव्हा म्हणालात, "पुरूले यंदा टाइम नसंन." मी खालून स्टूल धरून उभी होते. तेव्हासुद्धा सांगितलं नाही. मामाजी, बागेचं मला वाईट वाटतं, पण त्या स्टुलाचं जास्त वाटतं.

आणि मग परवापरवा, दुपारी जेवून आडवे झालात ते उठलाच नाहीत.

पाचव्या दिवशी फ्रेम करायला फोटो हवा होता, म्हणून यांनी मला तुमचा कॉम्प्युटर उघडायला सांगितलं. फोटो सापडला. त्याच्या शेजारी "पुरू" नावाचं फोल्डर होतं. त्यात मी साफसूफ केलेला प्रोग्राम होता. मीच तो तुमच्या कॉम्प्युटरवर ठेवला होता, डोळे बरे झाले की दाखवायला. उघडला. माझे इंग्रजी शब्द तुम्ही तसेच ठेवले होते. बदल फक्त दोन ठिकाणी होता, झेंडूच्या पाळीत आणि शेवंतीच्या पाळीत. वीस अधिक पाचच्या दोन्ही बाजूंना कंस. फाइलवर तारीख त्याच दिवसाची होती. पुरुभाऊ उपाशी गेले त्याच दुपारची.

म्हणजे मी खोलीत किल्लीकडे बघत बसले होते, तेव्हा तुम्ही इकडे, डॉक्टरांनी मना केलेल्या डोळ्यांनी, काळा चष्मा वर करून तीच ओळ शोधत होतात. तुम्हाला कळलं होतं. तुम्ही दोन कंस घातलेत, कॉम्प्युटर बंद केलात आणि उरलेलं सगळं वर्ष मला चहावरून ओरडत राहिलात.

मला आधी रडू आलं नाही. राग आला. तुमचा. कशाला घेतलंत अंगावर? एकदा, एकदाच विचारायचं होतं, "कावून वं, कंस कुठी गेले?" मी तिथल्या तिथे रडले असते आणि दुसऱ्या गाडीनं बाळापूरला जाऊन पुरुभाऊंच्या पाया पडले असते. तुम्ही मला झाकलंत, आणि झाकलेल्या माणसाला बाहेर यायला वाटच राहत नाही. हे मी कृतज्ञतेनंच लिहिते आहे, पण रागही आहे, आणि दोन्ही खरं आहे. एवढी माया करायची होती तर थोडी भांडून करायची.

तेरवीच्या सकाळी मी आधी यांना सांगितलं, मग आत्याबाईंना. हे अजून माझ्याशी पुरते बोलत नाहीत. आत्याबाई गहू निवडत होत्या. हात न थांबवता म्हणाल्या, "मले वाटलंच होतं. हे असे उगी राह्यले का समजाचं, कोनाचं तरी झाकून राह्यले. पुरूले सांगतलं का?"

"आज सांगते."

"पंगतीच्या आधी सांग."

पुरुभाऊ मांडवात नव्हते. बाहेर पायरीवर बसले होते, दुपट्टा मांडीवर घेऊन. राख सावडायला आले होते तेव्हाही कुणाशी बोलले नव्हते. मी पाण्याचा गिलास त्यांच्याजवळ ठेवला आणि उभ्यानंच सांगितलं.

"पुरुभाऊ, मागच्या पाडव्याची बाग मामाजीनं नाही वाळवली. म्या वाळवली. त्यायचा प्रोग्राम बरोबर होता. म्या न विचारता बदलला अन् तपासला नाही."

ते माझ्याकडे वळले.

"मामाले मालूम होतं?"

"त्याच दुपारी."

"अन् तुमाले?"

"मलेबी. त्याच दुपारी."

मागे आचारी कढईवर झारा आपटत होता. पुरुभाऊंनी गिलास उचलला, तसाच परत ठेवला.

"वहिनी, तुमी तवाच सांगतलं असतं तं म्या दोन शिव्या देल्या असत्या अन् चहा पिऊन घरी गेलो असतो. बाग काय, दरसाल लागते. मामा दरसाल भेटते का?"

मी गिलास परत त्यांच्याकडे सरकवला.

"मंग आता द्या."

"काय?"

"दोन शिव्या."

मला वाटलं आता ते उठतात आणि जातात. मग एवढ्या मोठ्यानं बोलले की मांडवातली माणसं वळून बघायला लागली. "आग लागो तुमच्या त्या शिक्षनाले!"

मी तशीच उभी राहिले. दुसरीची वाट पाहत. ती यायला वेळ लागला.

"अन् दुसरी त्या म्हाताऱ्याले," ते म्हणाले, आणि त्यांचा आवाज फुटला. "बोलाले काय झालं होतं त्याले? म्या फोन ठेवत होतो त्याचा, वहिनी. हो-हो करून ठेवत होतो." दुपट्टा तोंडाला लावून ते रडले, पोरासारखे, खांदे हलवून. मीही तिथेच पायरीवर बसले. दोघांमध्ये तो गिलास होता.

आत्याबाई दारात आल्या. किती ऐकलं होतं कोण जाणे. "पुरू," त्या म्हणाल्या, "ऊठ. पानं मांडली."

त्यांनी नळावर तोंड धुतलं, आत आले आणि पंगतीत शेवटच्या पानावर बसले. मी वाढायला गेले. त्यांनी माझ्याकडे वर पाहिलं नाही, आणि मला माफ केलं असंही म्हणाले नाहीत, मीही विचारलं नाही. पण दुसऱ्यांदा गेले तेव्हा पोळी मागून घेतली. मग वरण घेतलं. मग बुंदी.

मामाजी, पुरू तुमच्या घरी पोटभर जेवून गेला.